किचन ओट्याचा दगड कापताना उडणारी धूळ इतकी घातक का असते?

घराचं काम सुरू असलं की हे चित्र हमखास दिसतं. कारागीर ग्राइंडरने ग्रॅनाइट कापतोय, धुळीचा लोट उठलाय आणि तोंडावर फक्त रुमाल. कपड्यांवरची धूळ झटकता येते. फुप्फुसात रुतलेली मात्र कोणत्याही औषधाने निघत नाही.

या धुळीत असतं काय?

सिलिका. मार्बलमध्ये ती अगदी कमी असते, ग्रॅनाइटमध्ये साधारण २० ते ४५ टक्के, तर ओट्यासाठी ‘क्वार्ट्झ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात ९० टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली.

शरीरात काय होतं?

खरा धोका डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांचा आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण ५ मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. तिथे व्रण तयार होतात, फुप्फुस कडक होत जातं आणि दम लागू लागतो. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो. शिवाय टीबी आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो.

निदान का चुकतं?

त्रास बहुतेकदा अनेक वर्षांनी सुरू होतो आणि खोकला, दम, वजन घटणं ही लक्षणं टीबीसारखीच असतात. गुजरातमधल्या खंभातमध्ये अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये हा आजार अनेक वर्षांपासून आढळतो. त्यामुळे दगडाचं काम करणाऱ्याने डॉक्टरांना आपलं काम काय आणि ते किती वर्षं केलं, हे न विचारताही सांगावं.

मग काय करायचं?

• दगड कोरडा कापू नका. पाण्याची सोय असलेलं मशीन वापरा. साध्या ग्राइंडरवर पाणी ओतू नका, शॉक बसू शकतो.
• पाणी शक्य नसेल तर धूळ ओढून घेणारा व्हॅक्यूम मशीनला जोडा.
• यासोबत एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क घाला. तो चेहऱ्याला घट्ट बसायला हवा. दाढी असेल तर कडेने हवा आत येते. रुमाल आणि सर्जिकल मास्क हे कण अडवत नाहीत.
• कोरडा झाडू किंवा ब्लोअर मारू नका. आधी पाणी शिंपडा, मग ओल्या फडक्याने पुसा.
• कामाचे कपडे घरी जाण्याआधी बदला.

घरमालक काय करू शकतात?

माप आधीच देऊन दगड दुकानातूनच, पाण्यावर कापून मागवा. घरी कापावाच लागला तर पाण्याची सोय करून द्या आणि मुलांना, वयस्कर मंडळींना दूर ठेवा. यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी ते द्या. कारागिराचं फुप्फुस एकदा खराब झालं की कितीही खर्च करून ते पूर्ववत होत नाही.