उन्हाळी क्रिकेट लीगचं वेळापत्रक : आधी दिवस मोजा, मग संघ घ्या

एप्रिल उजाडला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गावोगावी टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. बॅनर लागतो, चषक ठरतो, प्रवेश फी गोळा होते. वेळापत्रकाचा विचार मात्र बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी होतो. आलेले सगळे संघ घ्यायचे आणि सामने कुठेतरी बसवायचे. अशी स्पर्धा मे अखेरीस पावसात अडकते किंवा ‘आम्हालाच भर उन्हात का खेळवलं’ या वादात संपते. फी सगळ्यांनी सारखीच भरलेली असते, म्हणून खेळायची संधीही सारखीच मिळायला हवी.

शेवटची तारीख आधी

वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजत यावं. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतो. सीमाभागात त्याआधीच एप्रिल-मेमध्ये वळीव गाठतो, तोही बहुधा दुपारनंतर. शिवाय अनेक गावांत खेळाचं मैदान म्हणजे भातकापणीनंतर मोकळं पडलेलं शेतच असतं. वळिवाने ओल झाली की मशागत सुरू होते आणि मेच्या उत्तरार्धात धूळवाफ पेरणी. शेतमालकाने नांगर घातला की स्पर्धा संपली. म्हणून राखीव दिवसांसह सगळं मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत आटपेल असं धरावं.

आता कोणते दिवस मिळणार नाहीत ते खोडावेत. बेळगावात पारंपरिक शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया आणि बसव जयंती, आणि चित्ररथ मिरवणुकीच्या रात्री तर सगळं शहर जागं असतं. गावच्या लक्ष्मी यात्रा, लग्नाच्या दाट तिथी, परीक्षा हेही बघावं. बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवारच मोकळा मिळतो. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या सगळ्यांनाच रविवारी सुट्टी नसते. प्रत्येक कप्तानाकडून नड असलेल्या दोन तारखा आधीच लिहून घेतल्या तर पुढचे निम्मे फोन वाचतात.

सीमेपलीकडचे संघ येणार असतील तर शाळांच्या सुट्ट्याही तपासाव्यात. कर्नाटकात सुट्टी साधारण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मेअखेर संपते. महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेलंगणात १२ जूनच्या सुमारास. बेळगावच्या मुलांची सुट्टी संपत आलेली असते तेव्हा कोल्हापूरच्या मुलांची निम्मीच झालेली असते.

किती संघ, किती सामने

बाद पद्धतीत सामने संघांपेक्षा एकने कमी होतात. १६ संघांना १५ सामने पुरतात, पण त्यातले ८ संघ एकच सामना खेळून घरी जातात. संघांची संख्या ८, १६, ३२ अशी नसेल तर काहींना बाय द्यावा लागतो. १२ संघ असतील तर १६ मधून १२ वजा करून ४ बाय. ते चिठ्ठ्या टाकूनच द्यावेत, यजमान मंडळाला परस्पर देऊ नयेत.

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. संघांच्या संख्येला एकने कमी संख्येने गुणायचं आणि निम्मं करायचं. ८ संघांचे २८ सामने, १० चे ४५, १२ चे ६६. चार संघ वाढले की सामने दुपटीहून जास्त होतात, आणि आयोजक फसतात ते इथेच. १२ संघांचे सहा-सहाचे दोन गट केले तर १५ अधिक १५ असे ३० सामने, त्यात दोन उपांत्य आणि अंतिम धरून ३३. प्रत्येकाला किमान पाच सामने मिळतात आणि गाडं आवाक्यात राहतं.

जोड्या लावायची सोपी रीत

सहा संघांना चिठ्ठ्या टाकून क्रमांक द्यावेत. वरच्या ओळीत १, २, ३ आणि खालच्या ओळीत ६, ५, ४ लिहायचं. समोरासमोरचे संघ खेळतात. मग १ जागेवरच ठेवून बाकीचे पाच घड्याळाच्या दिशेने एकेक घर सरकवायचे.

- पहिली फेरी : १-६, २-५, ३-४
- दुसरी फेरी : १-५, ६-४, २-३
- तिसरी फेरी : १-४, ५-३, ६-२
- चौथी फेरी : १-३, ४-२, ५-६
- पाचवी फेरी : १-२, ३-६, ४-५

कोणतीही जोडी दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. संघ विषम असतील तर एका घरात ‘सुट्टी’ लिहायचं. ज्याच्यासमोर ती येईल त्याला त्या दिवशी आराम.

एका दिवसात किती?

सहा षटकांचा सामना धरू. दोन्ही डावांची १२ षटकं, षटकाला चार मिनिटं म्हणजे ४८ मिनिटं. डाव बदलायला दहा. उशिरा येणारा संघ आणि झुडपात हरवणारा बॉल धरून एका सामन्याला ७५ मिनिटं ठेवावीत. सकाळी ६.३०, ७.४५, ९.०० आणि १०.१५ असे चार, संध्याकाळी ४.०० आणि ५.१५ असे दोन. म्हणजे दिवसाला सहा सामने आणि भर दुपारी सगळ्यांना सावली.

सहा सामने म्हणजे दोन्ही गटांची एकेक पूर्ण फेरी. प्रत्येक संघ दिवसाला एकदाच खेळतो. पाच दिवसांत साखळी संपते. तिसऱ्या रविवारी सकाळी उपांत्य आणि चारला अंतिम. तीन शनिवार-रविवारांत स्पर्धा पूर्ण, चौथा आठवडा राखीव. अंतिम सामना सकाळी उरकला तर वळिवाची भीती कमी, पण पाहुणे आणि प्रेक्षक जमतात संध्याकाळीच. म्हणून राखीव आठवड्यावर दुसरं काही ठेवू नये.

सव्वादहाचा सामना कुणालाच नको असतो. म्हणून वेळा फिरवत न्याव्यात, एका संघाला ही वेळ दोनदा देऊ नये. वेळापत्रकाखाली प्रत्येक संघाला कोणती वेळ किती वेळा आली याचा तक्ता लावला की तक्रारीला जागा उरत नाही.

शेवटच्या फेरीची खबरदारी

१९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात अल्जेरियाने आपला शेवटचा गट सामना आदल्या दिवशी संपवला होता. दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना माहीत होतं की जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढे जातात. सुरुवातीलाच एक गोल झाला आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरवण्यात गेला. अल्जेरिया बाहेर पडला. १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले.

गावात मैदान एकच असतं, तेव्हा हे जमत नाही. उपाय दोन. पाचव्या फेरीतला सामन्यांचा क्रम पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकावा, नंतर बदलू नये. आणि गुण समान झाले तर आधी आपसातला निकाल बघावा, मग धावगती. फक्त धावगतीवर ठरणार असेल तर उशिरा खेळणाऱ्याला नेमकं किती हवं ते आधीच कळतं.

हे लेखी असावं

विजयाला दोन गुण, पावसाने रद्द झाल्यास एकेक. किती मिनिटं उशीर झाला की सामना सोडावा लागेल. किमान किती षटकं झाली तर निकाल धरायचा. तारीख बदलायची तर कुणाच्या सहीने. हा कागद चिठ्ठ्या टाकण्याआधी सगळ्या कप्तानांच्या सह्यांनी व्हायला हवा. नंतर केलेला नियम कितीही योग्य असला तरी कुणाच्या तरी सोयीचा वाटतोच.

तेरावा संघ फी घेऊन दारात उभा राहतो तेव्हा नाही म्हणणं जड जातं, ओळखीचेच असतात. पण त्याला घेतलं की बसवलेले दिवस मोडतात आणि आधीच्या बारांचं नुकसान होतं. त्याचं नाव प्रतीक्षा यादीत लिहावं. एखादा संघ पहिला सामना होण्याआधीच गळाला, तर त्याची जागा तयार असते.