निनावी तक्रार : ब्रिटनमधील भत्त्यांची लबाडी आणि शेजाऱ्याची नजर

खोटी माहिती देऊन सरकारी भत्ता लाटणाऱ्या व्यक्तीविषयी ब्रिटनमध्ये कोणीही नागरिक स्वतःचे नाव न सांगता सरकारला कळवू शकतो. दूरध्वनी, टपाल आणि सरकारी संकेतस्थळावरील अर्ज असे त्याचे तीन मार्ग आहेत. वरकरणी ही व्यवस्था साधी वाटते. परंतु तिच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे. करदात्यांच्या पैशाच्या रक्षणासाठी शेजाऱ्याच्या नजरेवर कितपत भिस्त ठेवायची, आणि ती नजर चुकली तर त्याची किंमत कोणी मोजायची?

व्यवस्थेचा पाया

ब्रिटनच्या कल्याणकारी व्यवस्थेचा पाया १९४२ सालच्या बेव्हरिज अहवालाने घातला. या अहवालाचे कर्ते विल्यम बेव्हरिज यांचा जन्म १८७९ साली तत्कालीन बंगालमधील रंगपूर येथे झाला. त्यांचे वडील भारतात सनदी सेवेत न्यायाधीश होते. अहवालातील विचारांवर आधारलेली राष्ट्रीय विमा योजना ५ जुलै १९४८ रोजी अमलात आली. कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचे ‘युनिव्हर्सल क्रेडिट’, दीर्घकालीन आजार वा अपंगत्व असलेल्यांसाठीचे ‘पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट’, रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीचा ‘केअरर्स अलाउन्स’ हे तेथील काही प्रमुख भत्ते होत. त्यांचा मोठा भाग कार्य व निवृत्तिवेतन विभागाकडे आहे. स्कॉटलंडकडे सोपविलेल्या भत्त्यांसाठी २०१८ पासून स्वतंत्र संस्था असून उत्तर आयर्लंडचा विभागही वेगळा आहे.

या विभागाच्या अंदाजानुसार २०२४-२५ या आर्थिक वर्षात भत्त्यांवरील खर्चापैकी ३.३ टक्के, म्हणजे सुमारे ९.५ अब्ज पौंड, जादा दिले गेले. त्यांपैकी सुमारे ६.५ अब्ज पौंड लबाडीपोटी, तर उरलेली रक्कम लाभार्थ्यांच्या किंवा अधिकाऱ्यांच्या चुकीमुळे गेली. लबाडीचा वाटा मोठा आहे, हे नाकारता येत नाही. मात्र जादा गेलेला प्रत्येक पौंड चोरीचा नसतो, हेही याच आकड्यांवरून दिसते.

तक्रार कशी होते?

भत्त्यांतील लबाडी कळविण्यासाठी राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १९९६ साली, जॉन मेजर यांच्या सरकारच्या काळात सुरू झाली. पुढे तिला संकेतस्थळावरील अर्जाची जोड मिळाली. संशयित व्यक्तीबद्दल जेवढी माहिती असेल तेवढी आणि संशयाचे स्वरूप तक्रारदाराने सांगावे, अशी अपेक्षा असते. त्याने स्वतःचे नाव अथवा पत्ता देण्याची सक्ती नसते.

तक्रार आली म्हणजे गुन्हा नोंदविला गेला, असे नव्हे. विभाग प्रथम आपल्याकडील नोंदी पडताळतो. संबंधित व्यक्तीने बदललेली परिस्थिती आधीच कळविली असेल, किंवा पुरावा आढळला नाही, तर प्रकरण तेथेच संपते. संशयाला आधार मिळाल्यास चौकशी होते आणि त्या व्यक्तीला कायदेशीर ताकीद देऊन तिची मुलाखत घेतली जाऊ शकते. चौकशीचा निष्कर्ष तक्रारदाराला कळविला जात नाही.

लबाडी सिद्ध झाल्यास परिणाम गंभीर असतात. जादा मिळालेली रक्कम परत करावी लागते. खटल्याऐवजी दंड स्वीकारण्याचा पर्याय दिला गेल्यास तो दंड सामान्यतः जादा रकमेच्या निम्मा, परंतु किमान ३५० आणि कमाल ५,००० पौंड असतो. अप्रामाणिकपणे खोटी माहिती दिल्याबद्दल १९९२ च्या सामाजिक सुरक्षा प्रशासन कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

नजर कोठे चुकते?

निनावी तक्रारींतून प्रत्यक्षात किती निष्पन्न होते, याचे चित्र ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकाने २०१६ साली माहिती अधिकाराखाली मिळविलेल्या आकड्यांतून पुढे आले. २०१० ते २०१५ या काळात जनतेकडून आलेल्या तक्रारींवरील १०,४१,२१९ प्रकरणे बंद झाली. त्यांपैकी ८,८७,४६८ प्रकरणांत, म्हणजे ८५ टक्क्यांहून अधिक ठिकाणी, लबाडीचा पुरावा आढळला नाही किंवा तो अपुरा ठरला. या सर्व तक्रारी आकसाने केल्या होत्या, असा याचा अर्थ नाही. बहुतेक वेळा बाहेरून दिसणारे आणि नियमात बसणारे यांत अंतर असते.

काम करणारा माणूस भत्ता घेतो, ही नेहमीची शंका. पण युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्याला नोकरी करण्याची मुभा आहे. कमाई वाढेल तशी रक्कम घटते; २०२१ च्या अखेरीपासून हिशेबात धरल्या जाणाऱ्या कमाईच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जातात. गुन्हा काम करण्यात नसून कमाई लपविण्यात आहे.

अपंगत्वाच्या भत्त्याबाबत तर गैरसमज अधिक. पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट उत्पन्नावर अवलंबून नसते. नोकरी करणाऱ्यालाही ते मिळू शकते. एखादी क्रिया करता येते की नाही, हे ठरविताना निम्म्याहून अधिक दिवसांची स्थिती पाहिली जाते. ज्याचा आजार दिवसागणिक बदलतो, तो बऱ्या दिवशी बाजारात पिशवी घेऊन चालताना दिसतो. अंथरुणाला खिळलेल्या दिवशी तो कोणालाच दिसत नाही.

एकट्याचा म्हणून भत्ता घेणाऱ्याच्या घरी कोणी वारंवार येत असेल, तर ते जोडपे ठरते का, हाही असाच प्रश्न. त्यासाठी एकत्र राहणे, खर्च वाटून घेणे, मुलांची जबाबदारी अशा अनेक बाबी तपासाव्या लागतात. दारात उभ्या असलेल्या मोटारीवरून त्याचे उत्तर मिळत नाही. बचतीचे तर शेजाऱ्याला काहीच दिसत नाही. साधारणतः १६,००० पौंडांहून अधिक बचत असल्यास युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नाही. ती लपविली आहे का, हे बँकेच्या नोंदींतून कळते.

व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हा भेद ठाऊक असणे उपयोगाचे आहे. नोकरीच्या वा विद्यार्थी व्हिसावरील बहुतेकांना सार्वजनिक निधीतून दिले जाणारे भत्ते घेण्यास मनाई असते आणि ती मोडल्यास व्हिसा धोक्यात येतो. परंतु सरकारी शाळेतील शिक्षण आणि राष्ट्रीय आरोग्य सेवा या निधीच्या व्याख्येत मोडत नाहीत. मूल सरकारी शाळेत जाते, एवढ्यावरून कोणी नियम मोडला असे होत नाही.

निनावी आणि गोपनीय

नाव न देण्याच्या सवलतीचे समर्थन समजण्याजोगे आहे. एकाच इमारतीत राहणाऱ्याने किंवा धाक दाखविणाऱ्या मालकाच्या नोकराने नावानिशी तक्रार करावी, ही अपेक्षा अवाजवी ठरेल. दुसरीकडे, हेच कवच मोडलेल्या संसाराचा किंवा जागेच्या भांडणाचा सूड उगविणाऱ्यालाही मिळते. चौकशी चालू असताना भत्ता थांबविला जाऊ शकतो. अशा वेळी निर्दोष माणसाचे घरभाडे थकते आणि तक्रार कोणी केली हेही त्याला कळत नाही.

भारतात सरकारी कर्मचाऱ्यांच्या भ्रष्टाचाराबाबत वेगळा मार्ग पत्करला गेला. विषय निराळा असला तरी त्यामागील तत्त्व येथे लागू पडते. केंद्रीय दक्षता आयोगाने १९९९ साली निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, असे निर्देश दिले. सत्येंद्र दुबे यांच्या २००३ मधील हत्येनंतर केंद्राने २००४ साली काढलेल्या ठरावानुसार तक्रारदाराने आयोगाला नाव सांगायचे आणि आयोगाने ते गुप्त राखायचे, अशी सोय झाली. निनावी तक्रारीत तक्रारदार कोणालाच ठाऊक नसतो. गोपनीय तक्रारीत तो तपासणाऱ्याला ठाऊक असतो. पहिल्या प्रकारात धोका कमी, पण पुढे प्रश्न विचारण्याची सोय नाही. दुसऱ्यात जबाबदारी येते, पण विश्वास लागतो.

ब्रिटनने पहिला प्रकार स्वीकारला असल्याने तेथे पडताळणीचे महत्त्व अधिक वाढते. तक्रारदारावरही एक जबाबदारी उरतेच. ‘अमुक माणूस लबाड आहे’ हा निष्कर्ष झाला. ‘अमुक दुकानात तो दर आठवड्याला ठरावीक दिवशी काम करतो’ ही माहिती झाली. विभागाला उपयोग दुसऱ्या वाक्याचा असतो. स्वतः पाहिलेले आणि ऐकीव यांत फरक करावा, पाळत ठेवू नये, संशयिताला परस्पर जाब विचारू नये आणि वस्तीत त्याची चर्चा करू नये. तक्रारीखाली नाव नसले, तरी तिच्यात ज्याचे नाव असते, तो माणूस खरा असतो.