भट्टीतला मासा आपला की फिरंग्यांचा?

गोमंतकीय हिंदू घरात मासे रांधायच्या वाटा ठरलेल्या असतात. हुमण, सुके, तिरफळे घातलेले बांगड्याचे उडदामेथी, रव्यात घोळून तव्यावर परतलेली विसवणाची तुकडी, आणि पावसाळ्यात पेजेबरोबर निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा. या वाटा सोडून कोणी अख्खा चोणक घेतला, त्याच्या पोटात लिंबाच्या चकत्या भरल्या आणि ओव्हनमध्ये भाजून पानावर वाढला, तर घरातले कोणीतरी वडीलधारे माणूस हमखास म्हणते, "हे फिरंग्यांचे जेवण." त्यात राग नसतो. दोन घास जास्तच जातात. पण हे वाक्य आपल्या जिभेवर आले कुठून, याचा शोध घ्यायला हवा. कारण गोव्यात एके काळी ताटात काय आहे आणि ते कसे शिजवले आहे यावरून माणसाचा धर्म ठरवला जात असे.

या पदार्थात तीन गोष्टी आहेत. मासा, लिंबू आणि भट्टी. त्यातला फिरंगी कोण?

मासा अर्थातच नाही. मग लिंबू? लिंबाच्या कुळाचा जन्म हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे पूर्व आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युनान या टापूत झाला, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून पुढे आले. महाळुंग, पपनस आणि मंदारिन जातीचे संत्रे ही या घराण्यातली जुनी मंडळी. बाकीची बरीचशी फळे त्यांच्या आपसांतल्या सोयरिकीतून झालेली. युरोपातले मोठे पिवळे लेमन हे कडू संत्रे आणि महाळुंग यांचे अपत्य. आपल्या कागदी लिंबाच्या वंशातही महाळुंग आहेच. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे फळ आहे, ते हेच मातुलिंग. म्हणजे लिंबाचा एक पूर्वज आपल्याकडे देवीच्या हातात विराजमान आहे.

नावांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. संस्कृतातला 'नारंग' फारसीत गेला, तिथून अरबीत, अरबीतून स्पॅनिशमध्ये 'नारांझा' झाला आणि पोर्तुगिजांच्या तोंडी 'लारांझा'. 'लिमांव' या पोर्तुगीज शब्दाचे मूळही अरबी 'लैमून' आणि फारसी 'लिमू' यांत सापडते. अरबांनी ही झाडे भूमध्य समुद्राच्या काठी नेली, तिथे ती रुजली, आणि इबेरियातल्या स्वयंपाकघरात मासा, लिंबू व ऑलिव्हचे तेल यांची जोडी जमली. मग वास्को द गामाची जहाजे निघाली. १४९९ च्या जानेवारीत परतीच्या वाटेवर ती मालिंदीला पोचली, तेव्हा हिरड्या सुजून खलाशी मरत होते. आजाऱ्यांनी ध्यास घेतला होता तो संत्र्यांचा, आणि त्यासाठी माणूस किनाऱ्यावर पाठवावा लागला. लिंबाने हा रोग बरा होतो हे जेम्स लिंड या डॉक्टरने प्रयोग करून दाखवले ते १७४७ साली. खलाशांच्या जिभेला ते अडीचशे वर्षे आधी कळले होते.

तेव्हा पोर्तुगिजांनी लिंबू आपल्याकडे आणले असे म्हणणे म्हणजे माहेरी आलेल्या मुलीला पाहुणी म्हणण्यासारखे आहे. चतुर्थीच्या माटोळीकडे मान वर करून पाहा. तिथे मावळिंग असते, म्हणजे महाळुंग. आणि तोरंजन असते, म्हणजे पपनस. 'तोरंजन' या शब्दात फारसी 'तुरुंज' आणि पोर्तुगीज 'तोरांझा' या दोघांचाही सूर ऐकू येतो. गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळाचे नाव अर्धे जग फिरून आले आहे, आणि त्याने पूजेला कधी बाध आलेला नाही!

मग एवढे जुने लिंबू आपल्या हुमणात का नाही? तिथे भिरंडाची सोले आहेत, चिंच आहे, ओटंब आहे, बिमली, करमल, आमाडे आहेत. लिंबू मात्र पानाच्या कडेला फोडीच्या रूपात. याचे कारण धर्मात शोधायला नको, ते चुलीत आहे. सोलांचा आणि चिंचेचा आंबटपणा उकळीत टिकतो. लिंबाचा अर्धा जीव त्याच्या सुगंधात, आणि तो वाफेबरोबर उडून जातो. सालीसकट उकळले तर कडू होते ते वेगळेच. शिवाय सोले एकदा वाळवून मीठ लावून ठेवली की वर्षभराची बेगमी होते. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याने १५६३ साली इथेच छापलेल्या आपल्या ग्रंथात भिरंडावर एक प्रकरण लिहिले, आणि तिच्या सालीपासून शिर्का करतात हेही नोंदवले. नव्या आलेल्या माणसालाही या भूमीचा आंबट कुठला हे लवकर कळले होते.

आता उरली भट्टी. ती मात्र खरोखर त्यांची. पाव भाजण्यासाठी पोर्तुगिजांनी भट्ट्या घातल्या आणि सासष्टीत जेझुइटांच्या आश्रयाने हा धंदा रुजला. पोर्तुगीज 'पादेरु'चा आपला 'पोदेर' झाला. यीस्ट नव्हते, तेव्हा माडाच्या सुरेने पीठ फुगवले. उंडो, पोयी, काकणां आज सर्वांच्या घरात जातात, पण कित्येक पिढ्या हिंदूंच्या घरात पाव वर्ज्य होता. विहिरीत पाव टाकून गावच्या गाव बाटवल्याच्या कथा गोव्यापासून वसईपर्यंत सांगितल्या जात. त्यांतली प्रत्येक कथा शब्दशः खरी असेल असे नाही, पण तिच्यामागची भीती खरी होती.

आणि भीतीला आधार होता. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले आणि मधली काही वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. १४ एप्रिल १७३६ रोजी या न्यायासनाने एक जाहीरनामा काढला. अनंत काकबा प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथामुळे (१९६१) तो आपल्याला चांगला परिचित आहे. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुन्या चालीरीती सोडाव्यात म्हणून त्यात बारीकसारीक मनाया आहेत. त्यांतली एक अशी, की हिंदूंप्रमाणे भात मिठाशिवाय शिजवून मग वरून मीठ घ्यायचे नाही. भातात मीठ आधी की नंतर, हा गुन्ह्याचा पुरावा! स्वतः गार्सिया द ओर्ता ज्यू कुळातला. १५६८ मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गोव्यात जिवंत जाळले, आणि १५८० मध्ये त्याची हाडे उकरून काढून जाळली. ज्याने भिरंडाची चव नोंदवली, त्याच्या अस्थींनाही या भूमीत थारा मिळाला नाही.

अशा दिवसांत भट्टी ही नुसती भट्टी राहत नाही, ती सरहद्द होते. या बाजूला चूल, त्या बाजूला 'फोर्न'. "हे फिरंग्यांचे जेवण" या वाक्याचे मूळ मला इथे दिसते. ते चवीविषयी बोलत नाही, भयाविषयी बोलते. भय गेले, वाक्य उरले.

गंमत अशी, की खालून आणि वरून आच देण्याची कला आपल्या घरांत होतीच. तवसळी किंवा धोंडस करताना पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवतात. ख्रिस्ती घरातली बिबिंक थरावर थर चढते तीही वरच्या निखाऱ्यावरच. दोन्ही घरांत युक्ती एकच, पदार्थ वेगळे. वरचा विस्तव हा कोणत्याही धर्माचा नव्हता.

इथे थोडे मागे, आणि सह्याद्रीच्या पलीकडे जावे लागेल. गोवा कदंबांचा राजा जयकेशी दुसरा याची राणी मैलळदेवी ही कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याची कन्या. तिचा भाऊ सोमेश्वर तिसरा. त्याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात माशांच्या जाती आहेत, मासे गळाला लावण्याचे प्रकार आहेत आणि मासे शिजवण्याची कृतीही आहे. शिजवण्याआधी माशाचा वास घालवावा, त्यासाठी मीठ, तेल, हळद वापरावी, याकडे त्या राजाचे लक्ष आहे. आपल्या कदंब राजाचा मेहुणा नऊशे वर्षांपूर्वी माशाच्या वासाचा विचार करीत होता!

याच विक्रमादित्याच्या पदरी माळव्याचा परमार राजपुत्र जगद्देव आला होता. त्याच्या काळचा शिलालेख आदिलाबाद शहरापासून वीसेक किलोमीटरवर जैनथ येथे सापडला. म्हणजे जुवारीच्या काठचे गोपकपट्टण आणि पेनगंगेच्या अलीकडचा हा मुलूख, दोघांचेही धागे एकाच कल्याणीच्या दरबाराशी जुळलेले. आदिलाबाद आज तेलंगणात आहे. निजामाच्या राज्यात असताना या जिल्ह्यात किनवट आणि राजुरा हे तालुकेही होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मराठी मुलखात आले, बाकीचा जिल्हा आंध्रात गेला, आणि २०१६ मध्ये त्याचेही चार तुकडे झाले. पेनगंगेच्या दक्षिणेला राहिलेली मराठी घरे अजून तिथेच आहेत. गोंडी, तेलुगू, मराठी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात.

तिथे समुद्र नाही, पोर्तुगीज कधी गेले नाहीत, पोदेर नाही. मासा आहे तो नदीचा आणि तळ्याचा. रोहू, कटला, आणि मरळ, जिला तेलुगूत कोर्रमीनु म्हणतात आणि जी तेलंगणाची राज्यमत्स्य आहे. कालवण चिंचेचे. तेलुगू शेजाऱ्याच्या 'चेपल पुलुसु'त चिंचेचा कोळ असतो, आणि चिंचेला नदीच्या मधोमध आखलेली राज्यांची सीमा दिसत नाही. अशा ठिकाणी कोणी घरच्या ओव्हनमध्ये लिंबू घालून मासा भाजला, तर त्याला फिरंगी कोण म्हणणार? तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून आपल्या प्रश्नाची परीक्षा तिथे घ्यावी.

आणि परीक्षेत लिंबू उत्तम उतरते. समुद्राच्या माशाला जो वास येतो तो त्याच्या अंगातल्या ट्रायमिथिलअमाइन या द्रव्याचा. लिंबाचे आम्ल त्याला बांधून टाकते, मग ते हवेत उडत नाही. गोड्या पाण्याच्या माशाला वेगळा, चिखलाचा वास येतो. तो जिओस्मिन या द्रव्याचा. पहिल्या पावसात मातीला जो गंध येतो, तोच हा. मातीतले जिवाणू आणि साचलेल्या पाण्यातले नीलहरित शेवाळ ते तयार करतात आणि माशाच्या चरबीत ते मुरते. आम्लाने तेही मोडते. दोन मासे, दोन वास, पण उतारा एकच. मांडवीच्या चोणकालाही लिंबू, पेनगंगेच्या रोहूलाही लिंबू. लिंबाची गरज माशाला आहे, राष्ट्राला नाही.

आता घरी करायचे झाले तर. किलोभर वजनाचा चोणक किंवा तामसो घ्यावा, नदीकाठी असाल तर रोहू. खवले काढून, पोट साफ करून दोन्ही बाजूंना तीन तीन तिरक्या चिरा द्याव्यात. मीठ, हळद, ठेचलेले आले-लसूण, मिरी आणि एका लिंबाचा रस चोळावा. चोणक, तामसो पंधरा-वीस मिनिटेच मुरवावा. त्याहून जास्त ठेवला तर आम्लाने मांस न शिजवताच पांढरे पडते आणि भाजल्यावर भुसभुशीत होते. रोहूला मात्र आधी वेगळे मीठ आणि लिंबू चोळून दहा मिनिटांनी धुऊन टाकावे, म्हणजे चिखल त्या पाण्याबरोबर जातो. पोटात लिंबाच्या दोन-तीन पातळ चकत्या आणि कोथिंबिरीच्या काड्या. चकत्या जास्त भरू नयेत, सालीखालचा पांढरा भाग कडू असतो. थाळ्यात थेट अॅल्युमिनियमचा कागद नको, आम्लाशी त्याचे जमत नाही. खाली केळीचे पान घालावे, त्यावर कांद्याच्या जाड चकत्या, वर मासा आणि दोन चमचे खोबरेल. ओव्हन दोनशे अंशांवर दहा मिनिटे तापवून मग पंचवीस ते तीस मिनिटे भाजावा. कण्याजवळचे मांस काट्याने सहज सुटले की झाला. शेवटचे अर्धे लिंबू बाहेर काढल्यावर पिळावे. उडून जाणारा सुगंध पानावरच उडायला हवा.

ओव्हन नसला तर जाड बुडाचे पातेले, मंद आच आणि झाकणावर निखारे. तवसळी केलेल्या हातांना हे शिकवावे लागत नाही.

आपल्या पूर्वजांनी भट्टीपासून स्वतःला जपले, त्यात त्यांचे काही चुकले नाही. ज्या काळी मिठावरून माणूस तुरुंगात जाऊ शकत होता, त्या काळी ताटाभोवती कुंपण घालणे हे शहाणपणच होते. त्यांनी कुंपण घातले म्हणून हुमण आणि उडदामेथी आपल्यापर्यंत आले. पण इन्क्विझिशन उठून दोनशे वर्षे होऊन गेली. आता त्या कुंपणाची आठवण ठेवावी, पहारा ठेवण्याची गरज नाही. पुढच्या वेळी भाजलेला चोणक पानावर आला आणि कोणी वडीलधाऱ्याने ते नेहमीचे वाक्य म्हटले, तर वाद न घालता त्यांना एवढेच सांगावे, की लिंबू माटोळीतल्या मावळिंगाच्या वंशातले आहे, मासा बाजारातून आणलेला आहे, आणि विस्तव तर सगळ्यांचाच. मग शेपटीकडचा तुकडा त्यांनाच वाढावा.