लमाझ प्रसूतिशिक्षक प्रशिक्षण

प्रसूतिशिक्षक म्हणजे गर्भवती स्त्रीला आणि तिच्या सोबत्याला बाळंतपणाची आधीच सविस्तर ओळख करून देणारी प्रशिक्षित व्यक्ती. कळा कशा सुरू होतात, गर्भाशयाचे तोंड कसे उघडते, वेदना सोसायला काय उपयोगी पडते, कळा वाढवण्यासाठी सलाइन लावायचे किंवा सिझेरियन करायचे म्हटले तर डॉक्टरांना काय विचारावे, हे सगळे तिच्या वर्गात शिकायला मिळते. तपासणी, निदान, औषधोपचार तिच्या कक्षेत येत नाहीत. ते काम सुईण, परिचारिका आणि डॉक्टरांचे. कळांच्या वेळी शेजारी राहून धीर देणाऱ्या डूलाची भूमिकाही वेगळी, मात्र पुष्कळ जणी दोन्ही कामे करतात. या क्षेत्रातले सर्वांत परिचित प्रमाणपत्र लमाझ इंटरनॅशनल ही अमेरिकी संस्था देते.

स्त्रीला बाळंतपणासाठी आधीच तयार करण्याच्या विचाराची सुरुवात ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली पुस्तकरूपाने केली. भीतीने शरीर आखडते आणि शरीर आखडले की वेदना वाढते, म्हणून आधी भीती घालवा, असे त्यांचे म्हणणे. सोव्हिएत संघात वेल्वोव्स्की, निकोलायेव आदी डॉक्टर पाव्हलॉव्हच्या सिद्धांताच्या आधारे स्त्रियांना प्रसूतीसाठी मनाने तयार करत होते. फ्रेंच डॉक्टर फेर्नाँ लमाझ १९५१ मध्ये तिकडे गेले, अशी एक प्रसूती त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि पॅरिसला परतल्यावर धातुकामगार संघटनेच्या प्रसूतिगृहात हीच पद्धत सुरू केली. तिच्यात त्यांनी तालबद्ध श्वसनावर विशेष भर दिला. आज असे वर्ग सुखवस्तू घरांची हौस समजले जातात. त्यांची फ्रान्समधली सुरुवात मात्र कामगारांच्या दवाखान्यात झाली, हे लक्षात ठेवायला हवे.

मार्जरी कार्मेल या अमेरिकी स्त्रीचे पॅरिसमधले बाळंतपण लमाझ यांच्या देखरेखीखाली झाले. त्या अनुभवावरचे तिचे पुस्तक १९५९ मध्ये निघाले. त्या काळी अमेरिकेत बाळंतिणीला गुंगीची औषधे देऊन झोपवण्याची पद्धत रूढ होती आणि नवऱ्याला प्रसूतिकक्षात सहसा प्रवेश नसे. बर्लिनमध्ये जन्मलेल्या फिजिओथेरपिस्ट एलिझाबेथ बिंग आणि कार्मेल यांनी १९६० मध्ये न्यूयॉर्कमध्ये संस्था स्थापन केली. आजची लमाझ इंटरनॅशनल ती हीच. त्याच वर्षी आणखी एक आंतरराष्ट्रीय प्रसूतिशिक्षण संघटना उभी राहिली, तर डॉ. रॉबर्ट ब्रॅडली यांनी नवऱ्यालाच मुख्य साथीदार मानणारी आपली पद्धत १९६५ च्या पुस्तकात मांडली.

लमाझ म्हटले की लोकांना अजून श्वासाचे व्यायामच आठवतात. प्रशिक्षण त्याच्या खूप पुढे गेले आहे. त्याचा गाभा सहा सूत्रांचा : कळा आपोआप सुरू होऊ द्याव्यात, कळांमध्ये चालावे-फिरावे आणि स्थिती बदलावी, सोबतीला आपले माणूस असावे, वैद्यकीय गरज नसलेले हस्तक्षेप टाळावेत, उताणे पडून न राहता शरीराच्या प्रेरणेप्रमाणे जोर करावा, जन्मानंतर आई-बाळाला एकत्र ठेवावे. प्रत्येक सूत्रामागचे संशोधन शिकणाऱ्या व्यक्तीला वाचावे आणि समजावून सांगता यावे लागते. उताणी स्थिती का अडचणीची, पाठीच्या इंजेक्शनने वेदना थांबते पण हालचाल कशी कमी होते, कृत्रिम कळांमध्ये बाळाच्या ठोक्यांवर अधिक लक्ष का ठेवावे लागते, अशा प्रश्नांची उत्तरे नेमकी हवीत.

त्याहून अवघड भाग शिकवण्याच्या कलेचा आहे. पहिलटकरणींच्या घोळक्यापुढे एकसुरी व्याख्यान देऊन काही साधत नाही. ओटीपोटाची हाडे आणि बाहुली हातात देऊन बाळाचे वळणे दाखवणे, जोडीदाराला पाठ दाबायला शिकवणे, गर्भपाताचे किंवा आधीच्या सिझेरियनचे दुःख घेऊन आलेल्या स्त्रीशी जपून बोलणे, यांचा सराव लागतो. स्वतःच्या बाळंतपणाचा अनुभव दुसऱ्यावर न लादणे ही माझ्या मते यातली सर्वांत मोठी शिस्त. वेदनाशामक घेणाऱ्या स्त्रीला अपराधी वाटू लागले, तर तो वर्ग फसला.

प्रशिक्षण मान्यताप्राप्त चर्चासत्रातून, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन, घेता येते. त्यानंतर बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा असते. वैद्यकीय पदवीची अट नाही. प्रमाणपत्राचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावे लागते.

वर्गांच्या परिणामाबद्दलचा पुरावा सरसकट भक्कम नाही. २००७ च्या कोक्रेन आढाव्यात नऊ अभ्यास तपासूनही प्रसूतिपूर्व शिक्षणाचे परिणाम बव्हंशी अज्ञातच राहिले. कळांमध्ये सतत मिळणाऱ्या सोबतीचे मात्र तसे नाही. २०१७ च्या कोक्रेन आढाव्यातील २६ अभ्यासांत १५ हजारांहून अधिक स्त्रिया होत्या आणि सोबतीमुळे सिझेरियनचे प्रमाण घटल्याचे त्यातून दिसले. म्हणून वर्गात सोबत्याला बरोबरीचे स्थान असायला हवे.

भारतात प्रसूतिशिक्षकांसाठी स्वतंत्र शासकीय परवाना नाही. प्रमाणपत्रधारक प्रामुख्याने मोठ्या शहरांत काम करतात. रुग्णालयांत हे काम अनेकदा फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका सांभाळतात. महाराष्ट्रात गर्भसंस्कार वर्ग लोकप्रिय आहेत. तिथे आहार, श्रवण, मनःस्वास्थ्य यांवर भर असतो. कळांचे टप्पे आणि संमतीचा हक्क हा भाग त्यांत सहसा मुख्य नसतो. तो असायला हवा, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. यातल्या कित्येक शस्त्रक्रिया जीव वाचवणाऱ्या असतात. कोणती कशासाठी, हे विचारण्याची तयारी सातव्या-आठव्या महिन्यातच करून घ्यावी लागते, आणि मराठीतून शिकवणाऱ्या प्रमाणित शिक्षिकांची निकड इथेच आहे.