मेढ्याच्या वाटेवरील विसांवा

हवापालट हा शब्द आपल्या घरोघरीं इतका रुळला आहे कीं, त्यालाहि कांहीं इतिहास असेल अशी शंका आपणांस येत नाहीं. उन्हाळ्याची सुटी लागली कीं महाबळेश्वर, दिवाळी सरली कीं पांचगणी, पाऊस ओसरूं लागला कीं कासचें पठार. चार जुन्या स्नेह्यांनीं जमावें, दोन दिवस डोंगरांत काढावे आणि ताजेतवाने होऊन परतावें, हें आपण अगदीं स्वाभाविक समजतों. परंतु आपले पूर्वज डोंगर चढत ते बहुधा देवासाठीं, लढाईसाठीं किंवा पोटासाठीं. केवळ गार वाऱ्यासाठीं डोंगर चढण्याची चाल आपल्या मुलखांत रुजून आतां कोठें दोनशें वर्षें होत आहेत. ती जेथें रुजली त्या डोंगराच्या पायथ्याच्या एका गांवाविषयीं, श्रोते हो, आज मी बोलणार आहें.

त्या गांवाचें नांव मेढा. सातारा जिल्ह्यांतील जावळी तालुक्याचें हें मुख्य ठाणें. वेण्णा नदी महाबळेश्वराजवळ उगम पावते, लिंगमळ्याच्या कड्यावरून उडी घेते, मेढ्यापाशीं येईपर्यंत पुष्कळ शांत होते, पुढें कण्हेरच्या धरणांत थांबते आणि अखेर माहुलीस कृष्णेला मिळते. साताऱ्याहून महाबळेश्वरास जाणारी सरळ वाट मेढ्यावरूनच पुढें केळघरचा घाट चढते. पुण्यामुंबईकडील बहुतेक मोटारी मात्र वांई-पांचगणीच्या बाजूनें वर जातात. त्यामुळें मेढा एका अंगास राहिला, आणि म्हणूनच कांहींसा निवांतहि राहिला.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही चार मित्र या गांवीं चार दिवस राहिलों. चौघेहि एकाच वर्गांतून मॅट्रिक झालेले. पुढें एक वकील झाला, एक टपालखात्यांत गेला, एक शेतकीखात्यांत, आणि मी शाळामास्तर. सकाळीं नदीकांठीं फिरावें, दुपारीं नाचणीची भाकरी व घेवड्याची उसळ खाऊन ओसरीवर लवंडावें, आणि दिवेलागणीनंतर वाद घालावा, असा आमचा क्रम होता. वादाचा विषय बहुधा एकच निघे : ही वाट वर गेली, त्यांत सातारच्या राजानें काय मिळविलें आणि काय गमावलें?

या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे. जावळीच्या खोऱ्याची जुनी कीर्ति विसांव्याची नसून दुर्गमतेची होती. आदिलशाहीच्या अमलाखालीं चंद्रराव हा किताब लावणारे मोरे येथें पिढ्यानपिढ्या नांदले, ते दाट रानाच्या आणि अवघड घाटांच्या बळावर. १६५६ च्या जानेवारींत शिवाजीमहाराजांनीं जावळी घेतली, तेव्हां त्यांच्या हातीं केवळ एक जहागीर आली नाहीं. कोंकण आणि देश यांना जोडणाऱ्या घाटांच्या किल्ल्या आल्या. मोऱ्यांकडील मुरारबाजी देशपांडे पुढें महाराजांच्या सेवेंत आला आणि १६६५ सालीं पुरंदर लढवितांना पडला. जावळी घेतल्यावर मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखालीं प्रतापगड उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं त्याच गडाच्या पायथ्याशीं अफजलखान पडला आणि या रानानें त्याच्या फौजेची वाट अडविली. त्या काळीं या डोंगराचा मोठा गुण हा कीं, तेथें परक्याला सहज येतां येत नसे.

दीडशें वर्षांनंतर हाच गुण दोष ठरला. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनीं प्रतापसिंह महाराजांना सातारच्या गादीवर बसविलें. राजाचें वय तेव्हां पंचविशीचें होतें. २५ सप्टेंबर १८१९ रोजीं तह झाला. इंग्रजांना न विचारतां बाहेरच्या कोणाशींहि संबंध ठेवूं नये, अशी त्यांत अट होती. राज्याची घडी बसविण्यास जेम्स ग्रँट हा तरुण कॅप्टन नेमला गेला. राजाचा आणि त्याचा स्नेह जमला. १८२२ सालीं कारभार राजाच्या हातीं आला. ग्रँट मात्र प्रकृति ढासळल्यामुळें विलायतेस परतला. १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ तो हाच.

हिंदुस्थानची हवा गोऱ्या अधिकाऱ्यांना मानवत नसे. म्हणून १८२४ सालीं लॉडविक नांवाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढला, तेव्हां त्याला तेथील थंडीचें मोल तत्काळ कळलें. दोन वर्षांनीं सातारचा रेसिडेंट ब्रिग्ज यानें वर एक बंगली बांधली आणि तेथपर्यंत गाडीरस्ता करण्याविषयीं राजाचें मन वळविलें. १८२७ च्या अखेरीस सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्यानें आजारी गोऱ्या सोल्जरांसाठीं तेथें इस्पितळ काढलें. १८२९ सालीं राजानें तो डोंगर कंपनीला दिला व मोबदल्यांत वांईकडील खंडाळा गांव घेतलें. वर वसलेल्या पेठेला माल्कमचें नांव मिळालें.

आमचे वकीलमित्र म्हणत, "अरे, गांवाला गांव दिलें, रीतसर कागद झाला, यांत फसवणूक कसली? शिवाय रस्ता झाला तो रयतेच्याहि उपयोगीं पडला." शेतकीखात्यांतले मित्र उलटून विचारीत, "मग तो राजा पुढें काशींत कां मेला, तें सांग."

मला दोघांचेंहि म्हणणें अर्धवट वाटतें. महाबळेश्वर दिल्यामुळें प्रतापसिंहांचें राज्य गेलें असें म्हणतां येणार नाहीं. त्यांच्यावर आरोप आले ते निराळेच : गोव्याच्या पोर्तुगीजांशीं संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं पत्रव्यवहार, कंपनीच्या फौजेंतील देशी अंमलदारांस फितविण्याचा यत्न. गव्हर्नर कारनॅक यानें, दोष कबूल केल्यास गादी राखूं असें सुचविलें. राजानें ती कबुली दिली नाहीं. सप्टेंबर १८३९ मध्यें त्यांना पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें. त्यांचे वकील रंगो बापूजी यांनीं विलायतेंत अनेक वर्षें दाद मागितली. ती मिळाली नाहीं. १८४७ सालीं प्रतापसिंह काशीस वारले. त्यांचे बंधु शहाजी गादीवर होते, तेहि १८४८ सालीं निवर्तले, आणि दत्तक नामंजूर करून राज्य खालसा झालें. त्याच शहाजीराजांनीं १८४२ सालीं महाबळेश्वरीं बांधविलेल्या वेण्णा तळ्यांत आजहि लोक होड्या फिरवितात.

तात्पर्य हें कीं, रस्ता वाईट नव्हता आणि अदलाबदलीचा कागदहि खोटा नव्हता. परंतु तो स्नेह बरोबरीचा नव्हता. एका पक्षाला आपला रस्ता, आपला डोंगर, आपला विश्वास देतां येत होता. दुसऱ्याला हवें तेव्हां गादीवरून उठवितां येत होतें. राजानें शेवटीं गादी सोडली, पण न केलेल्या अपराधाची कबुली दिली नाहीं. डोंगराच्या या कथेंत मला सर्वांत उंच जागा तीच वाटते.

या विसांव्याचें मोल इतरांनींहि दिलें आहे. १८३४ पासून सुमारें तीस वर्षें महाबळेश्वरीं चिनी व मलायी कैदी ठेवीत. साहेबांच्या टेबलावरील बटाटे व भाजीपाला त्यांनीं पिकविला. जावळींत पाऊस उदंड, पण शेतें उतरणीचीं आणि तुटपुंजीं. म्हणून येथील तरुण पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत व बाजारांत राबावयास गेले. कोयनेचें धरण १९६० नंतर भरूं लागलें, तेव्हां तालुक्याच्या पश्चिमेकडील कित्येक गांवें पाण्याखालीं जाऊन तेथील माणसें दूरच्या गांवठाणांत बसविलीं गेलीं. बामणोलीस आपण ज्या जलाशयांत नौकाविहार करतों, त्याच्या तळाशीं त्यांचीं शेतें आहेत. कासचें पठार २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशांत गणलें गेलें; आतां तेथील फुलें तुडविलीं जाऊं नयेत म्हणून भेट देणारांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागते.

हें सर्व ऐकून कोणी विचारील, मग विसांवा घेऊंच नये काय? अवश्य घ्यावा. साठी उलटल्यावर जुन्या मित्रांसारखें औषध नाहीं, आणि त्याला डोंगराचा वारा हेंच उत्तम अनुपान. परंतु जेथें आपण विसांवतों, तेथें कोणी तरी घाम गाळला आहे, कोणी घर सोडलें आहे, कोणी राज्य गमावलें आहे, एवढें ठाऊक असावें. पुढच्या सुटींत महाबळेश्वरास निघाल, तेव्हां एक खेप साताऱ्यावरून, मेढ्याच्या वाटेनें जा. केळघरचा घाट चढण्यापूर्वीं वेण्णेच्या कांठीं अर्धा तास थांबा, आणि बरोबर मुलें असतील तर त्यांना प्रतापसिंह महाराजांची गोष्ट सांगा. वरच्या बाजारांत मध, जांभूळ आणि स्ट्रॉबेरी मिळते. ही गोष्ट मात्र खालींच सांगून ठेविलेली बरी.