रबरी साच्यात मेण भरणे

दागिन्यांच्या ओतकामातील एक टप्पा. एकाच घडणीच्या अनेक अंगठ्या, पेंडंट किंवा कर्णफुले हवी असतील, तर मूळ धातूच्या नमुन्यावरून रबरी साचा करतात आणि त्यात वितळलेले मेण दाबाने भरून हुबेहूब मेणप्रती काढतात. मुंबईत अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातील कारखान्यांत हे काम रोजचे आहे.

नमुना कच्च्या रबराच्या थरांत ठेवून सुमारे १५० अंश से. तापमानाला दाबाखाली रबर पक्के करतात. मग धारदार पात्याने रबर कापून नमुना बाहेर काढतात. खरी कारागिरी इथे आहे : काप मुद्दाम नागमोडी घेतला, की साच्याचे दोन्ही अर्धे दर वेळी नेमके जुळतात.

मेण यंत्राच्या टाकीत साधारण ६५ ते ७५ अंशांवर पातळ ठेवतात. साच्याला आतून शंखजिऱ्याची पूड किंवा सिलिकोन फवारा लावून, दोन पट्ट्यांमध्ये धरून त्याचे तोंड यंत्राच्या चोचीवर टेकवतात. दाब जास्त झाला तर सांध्यातून मेणाचा पातळ पापुद्रा निघतो. मेण थंड असेल तर नाजूक नक्षी अर्धवट राहते. अडकलेल्या हवेचा बुडबुडा मात्र फसवा. तो बाहेरून दिसेलच असे नाही, म्हणून मेणप्रत उजेडासमोर धरून पाहतात.

तयार प्रती मेणाच्याच दांड्याला झाडासारख्या जोडून त्यांभोवती प्लास्टर ओततात. भट्टीत मेण जळून जाते आणि पोकळीत धातू शिरतो. मेणाच्या वजनावरून धातूचा अंदाज बांधतात : एक ग्रॅम मेणामागे चांदी सुमारे साडेदहा ग्रॅम लागते.