अपत्यमर्यादा व शासकीय लाभ (महाराष्ट्र)

अपत्यमर्यादा व शासकीय लाभ : ज्या कुटुंबातील हयात अपत्यांची संख्या शासनाने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेली असेल, त्या कुटुंबास अनुदान, सवलत, रजा, सरकारी नोकरी किंवा निवडणुकीने मिळणारे पद यांपासून अंशतः वा पूर्णतः वंचित ठेवण्याची वैधानिक व प्रशासकीय पद्धती. महाराष्ट्रात ही मर्यादा बहुशः दोन अपत्यांची असून ती कोणत्याही एका कायद्यात एकत्र आढळत नाही. निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरांत, निरनिराळ्या तारखांना आणि परस्परांशी न जुळणाऱ्या हेतूंनी ती दाखल झालेली आहे.

पूर्वपीठिका : या प्रांतातील संततिनियमनाची चळवळ मुळात दंडाची नव्हती, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून अखेरपर्यंत हाच विषय लावून धरला. नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत सदस्य रोहम यांनी वाचलेले आणि डॉ. आंबेडकरांनी तयार केलेले भाषण ज्या ठरावावर झाले, त्या ठरावाची मागणी एवढीच होती की, सरकारने जनसामान्यांत या विषयाचा प्रचार करावा व साधने पुरवावीत. ठराव नामंजूर झाला. ज्यांनी साधने मागितली त्यांना ती नाकारली गेली, आणि चाळीस वर्षांच्या आतच त्याच मुंबईतील विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे व ती टाळणाऱ्यास शिक्षा सांगणारे विधेयक १९७६ मध्ये संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही व १९७७ च्या सत्तांतरानंतर मागे पडले. पण शस्त्रक्रियेची सक्ती बदनाम झाल्यावर सवलतींच्या मार्गाने तोच हेतू साधण्याकडे प्रशासनाचा कल झुकला, असे पुढील तरतुदींवरून म्हणता येते.

पद व नोकरी : ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांच्या अधिनियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य जन्मल्यास सदस्य अपात्र ठरतो. त्यानंतर महाराष्ट्र नागरी सेवा (लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन) नियम, २००५ यांनी सरकारी नोकरीच्या उमेदवारासही दोन अपत्यांची अट घातली. अशा तरतुदींची वैधता सर्वोच्च न्यायालयाने हरयाणाच्या संदर्भात ‘जावेद’ खटल्यात (२००३) मान्य केली. कुटुंबातील निर्णय स्त्रीच्या हाती नसतो, हा युक्तिवाद तेथे टिकला नाही, आणि अधिकचे मूल दत्तक दिल्याने अपात्रता धुऊन निघत नाही, असेही ठरले. न्यायालयाच्या तर्काला त्याच्या पातळीवर उत्तर देणे कठीण आहे; परंतु निर्मला बुच यांनी पाच राज्यांत केलेल्या पाहणीत जे आढळले, म्हणजे गर्भलिंगनिदानानंतरचे गर्भपात, टाकून दिलेल्या बायका आणि नात्यात देऊन टाकलेली मुले, ते त्या तर्काच्या कक्षेबाहेरचे राहिले. सरपंचाची खुर्ची जाऊ नये म्हणून जेव्हा एखादे मूल नाहीसे करणे भाग पडते, तेव्हा ते मूल बहुधा मुलगी असते. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या खानेसुमारीत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. बीड जिल्ह्यात ती ८०७ होती. या घसरणीचे खापर सर्वस्वी या एका कलमावर फोडणे न्याय्य नाही, कारण सोनोग्राफीचा धंदा त्याच्या आधीपासून फोफावलेला होता. मात्र मुलग्याची आस धरून बसलेल्या घराला ‘दोनच’ म्हणून बजावणारा कायदा त्या धंद्याच्या मार्गातला अडसर नव्हता, एवढे निःसंशय.

रोख साहाय्य : या प्रकारात मर्यादेचा भार प्रत्यक्ष माता व अर्भक यांच्यावर येतो. १९९५ च्या राष्ट्रीय मातृत्व लाभ योजनेत दारिद्र्यरेषेखालील स्त्रीस पहिल्या दोन जीवित प्रसूतींपुरतेच साहाय्य होते. ते अपत्यसंख्या व वय न पाहता द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २००७ मध्ये द्यावा लागला. पुढे अन्नसुरक्षा अधिनियमाने (२०१३) गरोदर व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला, आणि त्यात अपत्यांची गणना केली नाही. तथापि २०१७ च्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेने रक्कम पाच हजारांवर आणून ती पहिल्या जीवित अपत्यापुरती ठेवली, व २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच सहा हजारांची मुभा दिली. अधिनियमाने दिलेला हक्क योजनेच्या अटीने आखडता घ्यावा, हा प्रकार आपल्या प्रशासनात नवा नाही.

राज्याच्या ‘लेक लाडकी’ योजनेत (२०२३) ही गुंतागुंत जवळून दिसते. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील, १ एप्रिल २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलीस जन्मतः पाच हजार, पहिलीत सहा हजार, सहावीत सात हजार, अकरावीत आठ हजार व अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार, असे एकूण एक लाख एक हजार रुपये द्यावयाचे आहेत. परंतु पहिल्या अपत्याच्या तिसऱ्या हप्त्यासाठी आणि दुसऱ्या अपत्याच्या दुसऱ्या हप्त्यासाठी माता किंवा पिता यांच्या कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र अर्जासोबत जोडावे लागते. अर्थात सहावीत गेलेल्या मुलीचे सात हजार रुपये तिच्या हजेरीवर वा प्रगतीवर नव्हे, तर आईबापांपैकी कोणी शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेले होते की नाही यावर अवलंबून राहतात. आणि ‘माता किंवा पिता’ या शब्दांपैकी कोणता शब्द प्रत्यक्षात लागू होतो, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील कोणतीही परिचारिका सांगू शकेल.

शिधावाटप : येथे स्थिती उलट व काहीशी चमत्कारिक आहे. अन्नसुरक्षा अधिनियमाखालील प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो धान्य मिळते, म्हणून तिसरे किंवा पाचवे मूलही शिधापत्रिकेवर नाव चढताच आपला हिस्सा मिळवते. अतिदरिद्री मानलेल्या अंत्योदय कुटुंबास मात्र सरसकट पस्तीस किलो, मग घरात माणसे तीन असोत की दहा. सहा माणसांपर्यंत अंत्योदय लाभाचा, सातांत बरोबरीचा. आठवे माणूस आले की तोट्याचा, आणि दहांच्या घरात माणशी साडेतीन किलोच हाती येतात. कोणीही अपत्यमर्यादा म्हणून हा नियम लिहिला नाही. परंतु प्रस्तुत नोंदीत उल्लेखिलेल्या सर्व अटींमध्ये मोठ्या कुटुंबाच्या ताटावर थेट परिणाम करणारी अट हीच आहे, व तिच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

मर्यादेच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. करदात्याच्या पैशास सीमा असते, आणि तिसऱ्या मुलासाठी हात पसरणाऱ्याने त्याचा विचार आधी करावयास हवा होता, असे मानणारा माणूस निर्दय असतोच असे नाही. दोन मुलांवर थांबलेला आणि त्यांच्या फीसाठी ओढाताण करणारा कारकून बहुधा असेच मानतो. अडचण अशी की, निर्णय प्रौढाचा असतो आणि कपात मुलाच्या वाट्यास येते. शिवाय कपातीने जन्मप्रमाण घटते, या गृहीतकाला इथला अनुभव फारसा पुष्टी देत नाही. महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी अपत्ये १९९२-९३ मध्ये सुमारे २.९ होती, ती २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर उतरली. पण केरळने दोनच्या आसपासचा टप्पा १९८० च्या दशकाच्या अखेरीस, पंचायतीत असे कोणतेही कलम नसताना गाठला होता. मुलींचे शिक्षण आणि अर्भक जगेल ही खात्री यांनी जे घडवले, त्याचे श्रेय अपात्रतेच्या नोटिशीला देता येत नाही.

ब्रिटनचा इतिहास या संदर्भात बोधक आहे. समाजसुरक्षेविषयीच्या बेव्हरिज अहवालानंतर १९४५ च्या कायद्याने कुटुंबभत्ता सुरू झाला तो दुसऱ्या अपत्यापासून, कारण पहिल्याचा भार मजुरीतून पेलतो असे मानले होते; २०१७ मध्ये त्याच देशाने नेमके उलट करून तिसऱ्या अपत्यापासूनचे उत्पन्नाधारित साहाय्य बंद केले, आणि ती मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठविण्याचे २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाले.

सद्यःस्थिती : पंचायतींसाठीची अपात्रता मध्य प्रदेश, हिमाचल प्रदेश व हरयाणा यांनी २००५-०६ च्या सुमारास आणि आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये रद्दबातल केली. आंध्रात तर कमी होणाऱ्या लोकसंख्येची चिंता हेच कारण पुढे आले. प्रसूतिरजेच्या बाबतीत प्रसूतिलाभ अधिनियमाच्या २०१७ च्या दुरुस्तीने दोन हयात अपत्यांपर्यंत मर्यादित ठेवलेली सव्वीस आठवड्यांची रजा त्यापुढे बारा आठवड्यांवर येते. तमिळनाडूतील एका शिक्षिकेस, पहिल्या विवाहातील दोन मुले तिच्या ताब्यात नसताना, दुसऱ्या विवाहातील अपत्यासाठी रजा नाकारणारा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फिरवला. महाराष्ट्रात २००५ चे नियम व पंचायतींची कलमे कायम असून, अपात्रतेचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे दाखल होतात व त्यांपैकी अनेकांचा उगम पराभूत प्रतिस्पर्ध्याने मिळविलेल्या जन्मदाखल्यात असतो.